फजरआधीचा बर्फ

पहाटेचे तीन वाजलेले असतात. खिडकीतून समोरच्या रस्त्याचा दिवा दिसतो आणि त्या दिव्याच्या उजेडात बर्फ तिरपा पडत असतो. तिरपा पडला की समजायचं, वारा तळ्यावरून आहे आणि आजची झोप संपली. मी दोन पायजमे एकावर एक चढवतो, थर्मासमध्ये चहा भरतो आणि मुलाच्या दारावर टकटक करतो. मशिदीत फजरची जमात साडेसहाला उभी राहते. त्याआधी साठ गाड्यांचं आवार मोकळं झालं पाहिजे.

माझा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. लहानपणी बर्फ पाहिला तो मासेवालीच्या टोपलीत नाहीतर सरबताच्या गाडीवर. पुढे बारा वर्षं कुवेतच्या गॅरेजांत काढली. तिथे सगळी धडपड इंजिन थंड ठेवण्यासाठी असायची. आता अमेरिकेतल्या बफेलो शहरात राहतो, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅनडाच्या हद्दीवर. इथे रात्री इंजिन गरम राहावं म्हणून गाडीची वायर घरातल्या प्लगला जोडून ठेवावी लागते. भावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे गाडी मोबाईलसारखी चार्जिंगला लावतोस?" तसं नाही, इंजिनात बसवलेला एक छोटा हीटर त्या विजेवर चालतो, एवढंच.

बफेलोचा बर्फ हा साधा हिवाळी बर्फ नाही. शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलं आहे. हे सरोवर सुमारे 390 किलोमीटर लांब आणि नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं. नोव्हेंबरात वरून कडाक्याची थंड हवा येते, पण तळ्याचं पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं. थंड हवा त्या लांबीवरून वाहत येताना वाफ उचलते आणि किनाऱ्याला लागताच बर्फ करून टाकून देते. हा पट्टा इतका अरुंद असतो की एका वस्तीत गाडी गाडली जाते आणि पाच-सात मैलांवर ऊन पडलेलं असतं. नोव्हेंबर 2014 मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या काही गावांत सहा फुटांहून अधिक बर्फ साचला, तेव्हा उत्तरेकडे जेमतेम काही इंच होता. पाच मोठ्या सरोवरांत ईरी सर्वांत उथळ. त्यामुळे ते लवकर गोठतं, आणि गोठलं की वाफ बंद, हा मारा ओसरतो. म्हणून इथले लोक तळं गोठण्याची वाट आपण पाऊस उघडण्याची पाहतो तशी पाहतात.

शहराच्या पूर्व भागात एकेकाळी पोलंडहून आलेल्या लोकांची वस्ती होती. ती मंडळी उपनगरांत निघून गेली, घरं ओस पडली, चर्च बंद पडली. मग न्यूयॉर्क शहराचं भाडं न परवडणारी बांगलादेशी कुटुंबं इथे आली, त्यांच्या मागोमाग इतरही आले. काही जुनी चर्च मुस्लिमांनी रीतसर विकत घेतली आणि आज तिथे मशिदी आहेत. आमची मशीदही तशीच. उंच छत, रंगीत काचा, आणि शेजारी गाड्यांसाठी मोठं मोकळं आवार. हिवाळ्यात खरा प्रश्न त्या आवाराचा.

बर्फ काढायला आमच्या कमिटीने पूर्वी एक ठेकेदार नेमला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या यादीत आधी दुकानं आणि बँका होत्या. मशिदीत तो नऊला यायचा. फजरला येणारी माणसं तोवर येऊन, घसरत, परत गेलेली असायची. अशाच एका पहाटे आमच्या शेजारचे बंगाली चाचा, वय सत्तरच्या पुढे, आवारात पडले आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. पावसापाण्यात, थंडीवाऱ्यात घरी नमाज पढण्याची मुभा आहे हे चाचांनाही ठाऊक होतं. पण पन्नास वर्षं जमातीने पढलेला माणूस मुभा घ्यायला तयार नसतो. त्यांना बघायला हॉस्पिटलात गेलो होतो, तिथून परत येताना मी मुलाच्या अम्मीला म्हटलं, एक जुनी पिकअप घेतो आणि तिला प्लाऊ लावतो.

प्लाऊ म्हणजे शब्दाने नांगर. पण त्याचं काम नांगराचं नाही. चिखलणीनंतर शेत सपाट करायला फळी फिरवतात ना, तिच्याशी ते जास्त जुळतं. गाडीच्या पुढे साडेसात-आठ फूट लांबीचं वाकवलेलं पोलादी पातं असतं, ते वर उचलता येतं, डावी-उजवीकडे तिरपं करता येतं. मोटारगाडीला असं पातं लावून विकण्याचा धंदा करणाऱ्या पहिल्या मंडळींत कार्ल फ्रिंक यांचं नाव घेतात. 1920च्या सुमारास, आमच्याच न्यूयॉर्क राज्यातल्या क्लेटन गावात.

नवीन गाडी घेण्याचा विषय पाच मिनिटांत संपला. हे काम झेपेल अशी नवी चार चाकं ओढणारी पिकअप पन्नास-साठ हजार डॉलरला पडते आणि प्लाऊ बसवायचे आणखी सात ते नऊ हजार. शोरूममध्ये लगेच हप्त्यांचा कागद पुढे करतात, त्यावर व्याजाचा आकडा छापलेलाच असतो. व्याजाची गाडी दारात आणायची नाही हे आमच्याकडे आधीपासून ठरलेलं. शिल्लक होती नऊ हजार. त्यात गाडी, प्लाऊ आणि दुरुस्ती सगळं बसवायचं.

जुनी गाडी इथे ढिगाने मिळते, पण ती कशाने जुनी झाली आहे ते पाहावं लागतं. इंजिनाने नव्हे, मिठाने. बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर जाडं मीठ टाकतात. ते समुद्राचं नाही, याच राज्यात जमिनीखाली मोठ्या खाणी आहेत, तिथून येतं. खारट पाणी शून्याच्या खालीही पातळ राहतं, म्हणून बर्फ सुटतो. मात्र उणे नऊ-दहा अंशांच्या खाली साधं मीठ जवळजवळ कामच करीत नाही. सुटलेलं खारट पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागतं, जोडांच्या फटीत जाऊन बसतं आणि लोखंड खात राहतं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या गावी खाडीकडच्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवले नाहीत तर पोपडे निघायचे. इथे समुद्र पाचशे किलोमीटर लांब आहे, आणि तरी गाड्यांची अवस्था बंदरातल्या जुन्या लाँचीसारखी.

पहिली गाडी पाहिली ती दिसायला देखणी होती. रंग चकचकीत, आतल्या सीट फाटलेल्या नाहीत, आणि खालून सगळी चासी नवीन काळ्या रंगाने रंगवलेली. विकणारा म्हणाला, मुद्दाम गंजरोधक मारून घेतलंय. मी खिशातला छोटा हातोडा काढला आणि गाडीखाली सरकलो. चांगल्या लोखंडावर हातोडी मारली की ठण्ण वाजतं. इथे मागच्या चाकाच्या वर, जिथे पाट्यांचा ब्रॅकेट येतो, तिथे थप असा आवाज आला. स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला तर तो आत गेला. काळा रंग पापुद्र्यासारखा उभा होता, मागे लोखंड नव्हतंच. मी बाहेर आलो, हात पुसले आणि सलाम करून निघालो. मुलाने गाडीत विचारलं, काय झालं? मी त्याला धान्याच्या ढिगाची हदीस आठवायला सांगितली. प्रेषितांनी (स.) बाजारात एका ढिगात हात घातला तर वर कोरडं आणि आत ओलं धान्य निघालं, ती. मदरशात पाठ केलेली हदीस चासीखालीही लागू होते हे त्याला त्या दिवशी कळलं. विकणारा आपलाच, जुम्याला दिसणारा माणूस होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसरी गाडी मिळाली ती शहरापासून दीड तासावर, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे. 2004 सालची, सहा लिटरचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकं ओढणारी, इथे पाऊण टनी म्हणतात त्या वर्गातली. रंग उडालेला, दारांखालच्या पट्ट्या गंजून जाळीदार झालेल्या, एक खिडकी खाली गेली की वर येत नव्हती. पण चासीवर जिथे हातोडी मारली तिथे ठण्ण. म्हाताऱ्याने स्वतःच सांगितलं, ब्रेकचे पाईप गंजले आहेत, पुढचे जोड ढिले आहेत, गिअरबॉक्सचं तेल मी कधी बदललं नाही. एवढे दोष आपणहून सांगणाऱ्या माणसाशी घासाघीस करायला जीभ वळेना. चार हजार आठशेला सौदा झाला. वापरलेला प्लाऊ दुसऱ्या एकाकडून सतराशेला मिळाला.

उरले अडीच हजार. सप्टेंबर चालू होता.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. गाडी घरी आल्यावर आधी काय करायचं याची यादी मुलाने वहीत लिहिली. पहिल्या ओळीवर त्याने ब्रेकचे पाईप लिहिले होते. मी ती ओळ खाली ढकलली. पाईप वरून तपकिरी झाले होते, पण गळत नव्हते. ते बदलायचं म्हणजे गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोटाखाली पडून काम, आणि एवढं करून डोळ्यांना काहीच दिसणार नाही. मला प्लाऊ बसवण्याची घाई होती. म्हटलं, हा हिवाळा निघेल.

तर आधी पुढची बाजू घेतली, कारण सगळा भार तिथेच यायचा होता. पातं, त्याची चौकट, उचलण्याचा पंप मिळून सव्वातीनशे किलोच्या आसपास वजन गाडीच्या नाकाच्याही पुढे लटकतं. ढिले बॉल जॉइंट आणि टाय रॉड काढले. काढले म्हणायला सोपं, वीस वर्षांचे गंजलेले नट पान्याने हलत नाहीत. गॅसच्या ज्वालेने लालबुंद करून, थंड होऊ देऊन, पुन्हा तापवून एकेक सोडवला. पुढच्या धुरीचे क्रॉस बदलले. पुढच्या स्प्रिंगांना आधार म्हणून जाड रबरी ठोकळे बसवले, म्हणजे पातं उचललं की नाक जमिनीकडे झुकत नाही. मागे, मागच्या चाकांच्याही पाठीमागे, साठ पौंडी वाळूच्या आठ पिशव्या पट्ट्याने बांधल्या. जवळजवळ दोनशे वीस किलो. पुढे वजन लटकलं की मागची चाकं हलकी होतात आणि बर्फावर नुसती फिरतात, त्यावर हा उपाय. पिशव्या बांधणं मात्र महत्त्वाचं. अचानक ब्रेक लागला तर सुटी पिशवी काच फोडून ड्रायव्हरच्या मानेवर येते.

मग वीज. प्लाऊचा तेलाचा पंप गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि पातं उचलताना क्षणभर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. हेडलाईट, हीटर, वायपर, वरचा पिवळा फिरता दिवा हे सगळं त्याच वेळी चालू. जुन्या अल्टरनेटरला ते झेपत नव्हतं, पातं उचललं की दिवे पिवळे पडायचे. भंगारात निघालेल्या एका ॲम्ब्युलन्सचा मोठा अल्टरनेटर मिळाला, दुसरी बॅटरी जोडली, बोटाएवढ्या जाड केबली टाकल्या. पण निम्मा फरक पडला तो फुकटात. चासीला जिथे अर्थिंगच्या वायरी जोडलेल्या असतात ते सगळे बिंदू घासून चकचकीत केले आणि वर ग्रीस लावलं. कुवेतमधले आमचे केरळी उस्ताद म्हणायचे, गाडीत भूत शिरलं की आधी अर्थिंग बघ. ते बर्फातही खरं निघालं.

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे. प्लाऊच्या कामात गाडी पुढे-मागे, पुढे-मागे रात्रभर करते, आणि त्यात इंजिनाआधी गिअरबॉक्स तापून मरतो. तेल आणि फिल्टर बदलला, रेडिएटरच्या पुढे तेल थंड करणारा वेगळा कूलर बसवला. बाकी काम ड्रायव्हरच्या पायाचं. मागे घेताना गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पुढचा गिअर टाकायचा नाही. मुलाला हे शिकवायला मला गिअरबॉक्सपेक्षा जास्त वेळ लागला.

प्लाऊच्या पंपातलं तेल काढलं तर दुधाळ निघालं, म्हणजे आत पाणी. उन्हाळ्यात हे चालतं. उणे पंधराला त्यातलं पाणी गोठून नळीत अडकतं आणि पातं रस्त्यावर बसतं ते उठतच नाही. सगळं धुऊन थंडीत पातळ राहणारं तेल भरलं, तडे गेलेल्या रबरी नळ्या बदलल्या. पात्याच्या खालची जी पट्टी जमिनीला घासते ती झिजून वाकडी झाली होती, नवीन लावली. मागच्या मोठ्या स्प्रिंगा मात्र उत्तम होत्या. त्यांचं काम मला फार आवडतं. बर्फाखाली लपलेला फुटपाथचा दगड पात्याला लागला की पातं पुढे झुकून धक्का सोडून देतं आणि पुन्हा उभं राहतं. स्प्रिंग नसती तर दगड, पातं किंवा गाडी यांपैकी एक तुटलंच असतं. बहुधा गाडी.

नोव्हेंबरच्या मध्याला पहिला चार इंच बर्फ पडला. आमच्या दारातल्या उतारावर चाचणी घ्यायची ठरली. मुलगा पुढे उभा राहून हाताने खुणा करीत होता, पातं वर उचललेलं, मी हळू पुढे येत होतो. थांब अशी खूण झाली, मी ब्रेक दाबला, आणि पेडल एकदम पायाखालून निघून गेल्यासारखं तळाला टेकलं.

गाडीचे ब्रेक दोन वेगळ्या फांद्यांत असतात, म्हणजे एक फुटली तरी दुसरी थोडंफार धरते. मागचा पाईप फुटला होता, पुढच्याने धरलं. पण निसरड्या उतारावर सव्वातीन टनांची गाडी लगेच थांबत नाही. मुलगा बाजूला उडी मारून बर्फात पडला. पातं त्याच्या उभं राहण्याच्या जागेच्या एक हात पुढे जाऊन थांबलं. इंजिन बंद केलं तेव्हा माझा हात किल्लीवर थरथरत होता. मुलाची अम्मी दारात उभी होती. तिने काही विचारलं नाही. मुलाला उठवलं, त्याच्या कपड्यांवरचा बर्फ झटकला, आणि आत गेल्यावर ती वही आणून माझ्यासमोर ठेवली. खोडलेली पहिली ओळ स्पष्ट वाचता येत होती.

पुढचे नऊ दिवस गाडी जॅकवर होती. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत एकही जुना पाईप ठेवला नाही. नवे पाईप तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचे घातले, ते गंजत नाहीत आणि हाताने वाकवता येतात. किंमत साध्या पोलादी पाईपपेक्षा जास्त, पण सगळे मिळून दोनशे डॉलरच्या आत. दोनशे डॉलर! मी मुलाच्या जिवाशी त्याची तुलना करीत होतो. पेट्रोलचे पाईपही त्याच वाटेने जातात, त्यांनाही तोच गंज होता, तेही बदलले. शेवटी ब्रेकमधली हवा काढायची असते. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकापाशी. मुलाची अम्मी पेडलवर बसली. मी खालून ओरडायचो, दाबा, धरा, सोडा. चौथ्या चाकाला ती म्हणाली, आता तुम्ही इथे बसा आणि मी ओरडते. राज्याच्या वार्षिक तपासणीत गाडी पहिल्या फेरीत पास झाली. तपासनीस खाली वाकून पाईप बघत राहिला आणि म्हणाला, हे कुणी केलं? मी मुलाकडे बोट दाखवलं. निम्मं काम खरंच त्याचं होतं.

आता मशिदीचं आवार. साठ गाड्यांचं म्हणजे साधारण सतराशे चौरस मीटर. त्यावर वीस सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ पडला तर त्याचं वजन होतं सुमारे चौतीस टन. ओला बर्फ असला तर दुप्पट-तिप्पट. फावड्याने हे होत नाही, झालं तर माणूस झोपतो. पहिला बर्फ पडायच्या आधी आम्ही आवाराच्या कडेने रंगीत काठ्या रोवतो, कारण एकदा पांढरं झालं की कुठे डांबर आणि कुठे गटाराची जाळी ते कळत नाही. इमारतीच्या दारापाशी पातं भिंतीजवळ टेकवून मागे ओढत आणायचं, मग वळून पुढे ढकलायचं. आगीच्या बंबाचा नळ आणि व्हीलचेअरचा उतार यांच्यापुढे ढीग करायचा नाही. सार्वजनिक रस्त्यावर बर्फ ढकलणं कायद्याने मना आहे. आणि डिसेंबरातला पहिला ढीग जमेल तितका लांब, आवाराच्या टोकाला न्यायचा. तो दगडासारखा गोठतो आणि मार्चपर्यंत हलत नाही. पहिल्या वर्षी आम्ही आळस केला, तर फेब्रुवारीत साठाच्या जागी बेचाळीस गाड्या मावू लागल्या आणि जुम्याला भांडणं झाली.

मी हे काम फी सबिलिल्लाह करणार होतो. रस्त्यातला अडथळा दूर करण्याला हदीसमध्ये सदका म्हटलं आहे, मग यापेक्षा मोठा अडथळा कुठला. पण कमिटीचे खजिनदार मुरलेले गृहस्थ. म्हणाले, "भाई, फुकट काम करणाऱ्याला उशीर झाला म्हणून जाब विचारता येत नाही. तुम्ही बिल द्या, मग सदका म्हणून हवं तर परत करा." त्यांचं बरोबर होतं. आता दर खेपेचा दर ठरलेला आहे. मशिदीचा कमी, आजूबाजूच्या सात-आठ घरांचा आणि एका किराणा दुकानाचा नेहमीचा. विधवा बाई राहतात ती दोन घरं वहीत लिहिलेलीच नाहीत.

कमाईबद्दल गोड चित्र उभं करणार नाही. पहिल्या हिवाळ्यात पेट्रोल, तेल, घासणारी पट्टी आणि विमा वजा जाता गाडीचे पैसेही सुटले नाहीत, ते दुसऱ्या हिवाळ्यात सुटले. विम्याचा खर्च आधी कुणी सांगत नाही. घरच्या गाडीचा साधा विमा या धंद्याला लागू पडत नाही. तुम्ही साफ केलेल्या जागेत कोणी घसरलं तर दावा तुमच्यावर येऊ शकतो, म्हणून वेगळा विमा घ्यावा लागतो. याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. मी आमच्या इमामसाहेबांना विचारलं. कायद्याने किंवा कराराने बंधनकारक असेल तिथे नाइलाज समजावा, असं ते म्हणाले. आणि ज्या वर्षी तळं लवकर गोठतं किंवा हिवाळा उबदार जातो त्या वर्षी गाडी नुसती उभी असते. हा मुख्य रोजगार होऊ शकत नाही. माझी कारखान्यातली दुपारची पाळी आहे म्हणून हे चालतं.

गाडीची ताकद किती हेही ओळखून असावं लागतं. डिसेंबर 2022 मध्ये, तारीख 23, वार शुक्रवार, इथे जे वादळ सुरू झालं त्यात दिवसा पुढचं घर दिसत नव्हतं. चार-पाच दिवसांत चार फुटांहून अधिक बर्फ पडला, अग्निशमन दलाच्या आणि रुग्णवाहिकांच्या गाड्यासुद्धा अडकल्या, आणि या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही बंद गाडीत, काही रस्त्यावर चालताना. तेव्हा माझ्याकडे ही पिकअप नव्हती, आणि असती तरी ती दारातच राहिली असती. तिथे मोठे लोडर लागतात. त्यानंतर मुलाच्या अम्मीने नियम केला आहे. गाडी चालवण्यावर सरकारी बंदी जाहीर झाली की किल्ली तिच्याकडे. गाडीत कायम दोन ब्लँकेटं, खजूर, पाणी, फावडं आणि एक टॉर्च असतो, आणि थांबून इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी धुराड्याभोवतीचा बर्फ काढायचा, नाहीतर विषारी वायू आत येतो.

चाचा बरे झाले, पण आता काठी घेऊन चालतात. पहाटे ते दारापाशी येऊन उभे राहतात आणि आम्ही शेवटची खेप मारीपर्यंत आत जात नाहीत. थंडी आहे, आत बसा म्हटलं तर म्हणतात, तुम्ही कुठे काय सोडलंय ते बघतोय. खरंच बघतात. काठीने दाखवतात, इथे मीठ टाक.

एप्रिलात प्लाऊ उतरवतो. गाडीच्या पोटात, चासीच्या पोकळ नळ्यांत पाण्याचा फवारा मारून मीठ धुऊन काढायला एक आख्खा रविवार जातो. सप्टेंबरात कोरड्या लोखंडावर लॅनोलिनचं तेल मारतो. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. ती फटीत जाऊन बसते आणि पाणी आत येऊ देत नाही. गावी होड्यांना माशाचं तेल चोपडायचे त्यातलाच प्रकार. वास मात्र दोन आठवडे जात नाही. गेल्या वर्षी बकरी ईदच्या नंतर शेजारची मुलं गाडीभोवती फिरून विचारत होती, तुमचा मेंढा अजून आत आहे का?

यंदा तेल मारायला मुलगा एकटाच खाली शिरला. मी बाहेर स्टुलावर बसून टॉर्च धरला होता. बराच वेळ आतून नुसता हातोडीचा आवाज येत होता, ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मग एका जागी तो थांबला. "अब्बा," म्हणाला, "इथे जरा वेगळं वाजतंय. वही आणा."